डिसेंबरात न्युर्नबर्ग, मुलाबाळांसकट: आधी तारखा, मग बाकी सगळं

जर्मनीतला ख्रिसमस बघायचाय, मुलांना सुट्टी आहेच, तर २५ तारखेला निघू आणि २ जानेवारीला परत येऊ, असा प्लॅन मुंबई-पुण्यातली बरीच कुटुंबं करतात आणि घोळ तिथेच होतो. न्युर्नबर्गचा तो जगप्रसिद्ध बाजार, ख्रिस्टकिंडल्समार्क्ट, २४ डिसेंबरला दुपारी २ वाजता बंद होतो. २५ ला तुम्ही पोचलात तर चौकात लाकडी स्टॉल उतरवायचं काम बघायला मिळेल आणि दुकानंही बंद असतील. आम्ही न्युर्नबर्गजवळ एर्लांगेनला राहतो, डिसेंबर आला की आमच्या ओळखीत कोणाचे ना कोणाचे आईबाबा, नणंद, मित्रमंडळी इकडे येतात, आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून जे कामाचं आहे ते एका जागी लिहितेय. पहिल्यांदाच युरोपला येणाऱ्यांसाठी आहे, सवय असलेल्यांनी मधलं मधलं सोडून वाचा.

तारखा कशा ठरवायच्या

२५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार हे अ‍ॅडव्हेंटचे रविवार. त्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बाजाराचं उद्घाटन होतं, म्हणजे २०२६ मध्ये शुक्रवार २७ नोव्हेंबरला. मुख्य चौकातल्या फ्राउएनकिर्श चर्चच्या गॅलरीत सोनेरी कुरळ्या केसांची, सोनेरी-पांढऱ्या झग्यातली एक मुलगी येते आणि कविता म्हणून बाजार उघडते. तिला ख्रिस्टकिंड म्हणतात, शहरातल्या १६ ते १९ वयाच्या मुलींमधून दर दोन वर्षांनी तिची निवड होते, आणि २०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय होते, मुलांना हे नक्की सांगा. उद्घाटनाच्या दिवशी मात्र लहान मुलं घेऊन जाऊ नका असंच मी म्हणेन, चौकात मुंगीला जागा नसते आणि मुलांना मोठ्यांच्या जॅकेटशिवाय काही दिसत नाही.

आता शाळेचं गणित. स्टेट बोर्डाच्या शाळांना नाताळची सुट्टी अगदी थोडी, मोठी सुट्टी दिवाळीत, आणि दिवाळीत इथे काहीच सुरू झालेलं नसतं. सीबीएसई, आयसीएसई आणि कॉन्व्हेंट शाळांना सुट्टी मिळते पण ती बहुतेक २४-२५ च्या आसपास सुरू होते. म्हणजे शाळेतून चार-पाच दिवस मागून घेतल्याशिवाय हा बाजार दिसणार नाही, हे आधी मान्य करा आणि जूनमध्येच परीक्षेचं वेळापत्रक बघून क्लास टीचरशी बोला. शाळेकडून सुट्टीचं पत्र आणि बोनाफाइड दोन्ही घ्या, व्हिसाला लागतं.

२०२६ साठी मला सगळ्यात सोयीचा वाटणारा हिशोब असा: शुक्रवारी १८ डिसेंबरला रात्री उशिरा मुंबईहून निघा, शनिवारी १९ ला इथे, रविवारी आराम आणि हलकं फिरणं, मग सोमवार ते बुधवार, २१-२२-२३, बाजारासाठी. वीकेंडला बसेस भरभरून पर्यटक येतात, संध्याकाळी ५ नंतर तर चालणं म्हणजे नुसतं सरकणं असतं. सोमवार ते बुधवार सकाळी दहाला, बाजार उघडताना गेलात तर प्रत्येक स्टॉलवर थांबून बघता येतं, दुपारी घरी जाऊन झोप काढायची आणि दिवे लागल्यावर पुन्हा तासभर जायचं. दिवे बघायला रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही, सव्वाचारलाच सूर्य मावळतो.

शाळा अजिबात ऐकत नसेल आणि २५ नंतरच यायचं असेल तर न्युर्नबर्गचा हट्ट सोडा आणि बर्लिन बघा, तिथले बरेच बाजार ख्रिसमसनंतरही चालू असतात, गेंडार्मेनमार्क्टचा तर ३१ तारखेपर्यंत असतो.

आणखी एक. सात-आठ दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, म्युनिक, प्राग सगळं बसवायला जाऊ नका. डिसेंबरात उजेड आठच तास, रोज बॅगा भरा, स्टेशन गाठा, मुलांना जॅकेट चढवा-उतरवा यातच दिवस जातो. एका शहरात मुक्काम, तिथून एक-दोन दिवसाच्या सहली, मुलं आणि आजी-आजोबा दोघांनाही हेच झेपतं.

व्हिसा

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निघायच्या निदान १५ दिवस आधी अर्ज गेलाच पाहिजे, पण १५ दिवसांवर अजिबात विसंबू नका. डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अपॉइंटमेंट मिळाली तर डोक्याला शांतता. जर्मनीचे अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीकडे जातात, मुंबईत आणि पुण्यात सेंटर आहे, आणि घरातल्या प्रत्येकाची, बाळाचीसुद्धा, वेगळी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, चौघांसाठी एकच घेऊन गेलात तर उरलेल्या तिघांना परत यावं लागेल. दोन-तीन देश फिरणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे करायचा नाही.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना काही नाही, व्हीएफएसचा चार्ज वर वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत, चालणारा. बाकी बँक स्टेटमेंट, आयटीआर, सॅलरी स्लिपा, ऑफिसचं रजेचं पत्र, विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग, रोजचा कार्यक्रम लिहिलेलं कव्हर लेटर. कव्हर लेटर साधं आणि खरं लिहा, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत कधी येणार. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आधी अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर ती कुठून आली त्याचा कागद जोडा.

आपल्याकडच्या लोकांचं अडतं ते नावांवर. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, तिकिटावर नसतं, आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं नाव, असं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट बरोबर ठेवा. मुलांचा जन्मदाखला जुना, फक्त मराठीत असेल तर महापालिकेकडून इंग्रजी असलेला नवीन काढून घ्या, याला वेळ लागतो. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांबरोबर येणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. १२ वर्षांखालच्या मुलांचे व्हिसासाठी बोटांचे ठसे घेत नाहीत, पण बाकी कागद मोठ्यांइतकेच.

इथे तुमचा भाऊ, मुलगी कोणी राहत असेल आणि त्यांच्याकडेच उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, त्यांच्या रेसिडेन्स कार्डाची कॉपी आणि पत्ता नोंदणीचा कागद मागवा. खर्चही तेच करणार असतील तर त्यांना इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग नावाचं हमीपत्र काढावं लागतं, त्याची अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ जातो, त्यामुळे त्यांना उन्हाळ्यातच सांगून ठेवा.

विमान आणि पुढची ट्रेन

भारतातून न्युर्नबर्गला थेट विमान नाही. मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला थेट यायचं आणि पुढे ट्रेन, नाहीतर इस्तंबूल किंवा अ‍ॅमस्टरडॅममार्गे थेट न्युर्नबर्ग विमानतळ. मुलं लहान आणि बॅगा जास्त असतील तर मला फ्रँकफर्ट बरं वाटतं, कारण लांब पल्ल्याच्या ट्रेनचं स्टेशन टर्मिनल १ ला लागूनच आहे आणि थेट आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान ट्रेन, मिळाली की सव्वादोन-अडीच तासांत न्युर्नबर्ग. म्युनिक अंतराने जवळ, तिथल्या मुख्य स्टेशनवरून आयसीईने तास-सव्वा तासच लागतो, पण विमानतळावरून मुख्य स्टेशनला यायलाच पाऊण तास जातो आणि ट्रेन बदलावी लागते. न्युर्नबर्गलाच उतरलात तर सगळ्यात मजा, विमानतळाखालून यू-२ मेट्रो पकडली की बारा-तेरा मिनिटांत मुख्य स्टेशन. ही मेट्रो ड्रायव्हरशिवाय चालते, मुलांना अगदी पुढच्या काचेशी उभं करा, बोगदा समोरून येताना दिसतो.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये शिरताना इमिग्रेशनला चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला लागलेत, बाराच्या आतल्या मुलांचा फक्त फोटो, त्यामुळे रांगा लांबतात. विमान उतरल्यापासून पुढच्या ट्रेनपर्यंत निदान तीन तास ठेवा.

ट्रेनचं तिकीट जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपवर काढायचं. स्वस्त तिकीट असतं त्याला स्पारप्राइस म्हणतात, ते आधी काढलं तर खूपच स्वस्त पडतं पण ठराविक ट्रेनलाच चालतं. विमान उशिरा आलं आणि ट्रेन चुकली तर ते तिकीट गेलं, म्हणून विमानतळावरून पहिल्या प्रवासाला महाग असलं तरी त्या दिवशी कोणत्याही ट्रेनला चालणारं फ्लेक्सप्राइस काढा आणि परतीला स्पारप्राइस. ट्रेनच २० मिनिटांहून जास्त उशिरा पोचणार असेल तर स्पारप्राइसवर दुसरी ट्रेन पकडता येते, आणि ट्रेन उशिरा येतात, हे गृहीत धरा. सहाच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही, ६ ते १४ वयाची मुलं आई-बाबांबरोबर फुकट, पण त्यांचा आकडा तिकीट काढतानाच टाकायचा, नंतर ट्रेनमध्ये सांगून चालत नाही. तिकिटात सीट येत नाही, सीटचं रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं, आणि नाताळच्या आठवड्यात ते न करता कुटुंबाने ट्रेनमध्ये चढू नका.

राहायचं कुठे

न्युर्नबर्गचं जुनं शहर तटबंदीच्या आत आहे, मुख्य स्टेशन तटबंदीला लागूनच, आणि तिथून बाजाराचा चौक चालत पंधरा मिनिटांवर. आत किंवा स्टेशनजवळ हॉटेल मिळालं तर उत्तम, पण डिसेंबरातल्या वीकेंडचे भाव फार चढतात. मी तर किचन असलेला अपार्टमेंट घ्या म्हणेन, भले दोन-चार मेट्रो स्टेशन लांब असो. फ्युर्थ शहर यू-१ मेट्रोवर आहे, आमचं एर्लांगेन एस-बान लोकलवर, दोन्हीकडे भाव कमी असतात. एर्लांगेनमध्ये सीमेन्समुळे आणि युनिव्हर्सिटीमुळे भारतीय माणसं भरपूर, हळद-पोह्यापासून सगळं दुकानात मिळतं.

बुकिंग करताना मुलांची वयं खरी टाका, इथे खोलीत चार जणांची परवानगी नसेल तर चार जण राहू देत नाहीत, जास्तीची गादी टाकून भागवायची पद्धत नाही. लिफ्ट आहे का तेही बघा, जुन्या इमारतींना नसते, आणि बॅगा घेऊन चौथा मजला म्हणजे आजी-आजोबांची परीक्षा. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, मुलांचं पळणं, वॉशिंग मशीन, मोठ्याने फोन सगळं त्याआधी.

कपडे, आणि मुख्य म्हणजे बूट

डिसेंबरात इथे दिवसा शून्य ते पाच डिग्री, रात्री शून्याखाली, आणि बर्फ पडेलच असं नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण ती बर्फाची वाट बघत येतात आणि पाऊस बघून हिरमुसतात. पांढरा बर्फ हवाच असेल तर एक दिवस काढून डोंगराकडे जावं लागतं, ओक्सनकोफ हा १,०२४ मीटरचा डोंगर त्यातल्या त्यात जवळ, आणि नक्की बर्फ म्हटलं तर थेट दक्षिणेला झुगश्पिट्झ, २,९६२ मीटर, पण तो खर्चिक आणि दमवणारा दिवस आहे.

थंडी अंगाला लागत नाही तितकी पायाला लागते. बाजारात दगडी फरशीवर तासन्‌तास उभं राहायचं असतं, स्पोर्ट्स शूज घालून आलेली मुलं अर्ध्या तासात रडायला लागतात. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न जाणारे, तळ जाड असलेले बूट घ्या, एक नंबर मोठे, म्हणजे लोकरीचे मोजे आत मावतात. पैसे वाचवायचे असतील तर जॅकेटवर वाचवा, बुटावर नाही. अंगात आधी थर्मल, मग फ्लीस किंवा स्वेटर, वरून वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड स्वेटर घातला तर ट्रेनमध्ये आणि दुकानात घाम फुटतो, सगळीकडे हीटर चालू असतात, म्हणून काढता-घालता येतील असे थर. कानटोपी, गळ्याला मफलर, हातमोज्यांचे दोन जोड, कारण मुलं एक हरवतातच. थर्मल आणि बूट पुण्या-मुंबईतच घेऊन घरात दोन दिवस घालून चाला, नवा बूट इथे येऊन चावायला नको. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल जास्तच आणा, हवा इतकी कोरडी की ओठ आणि गाल फुटतात.

प्लगचं राहिलं, आपला दोन गोल पिनांचा चार्जर इथे बसतो, तीन पिनांचा नाही, एखादा अ‍ॅडॅप्टर पुरे.

खायचं काय, आणि काय आणायचं नाही

शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही पण विचारून खावं लागतं. न्युर्नबर्गची बोटाएवढी सॉसेज, तीन एका पावात घालून देतात, ती डुकराच्या मांसाचीच असतात. चालत असेल तर खाऊन बघा, जाळीवर भाजलेली सात ते नऊ सेंटिमीटरची ही सॉसेज फक्त न्युर्नबर्ग शहरात बनली तरच हे नाव लावता येतं, २००३ पासून युरोपियन युनियनचं संरक्षण आहे. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी बाजारात बटाट्याची धिरडी, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर, गरमागरम मिळतात, पण पिठात बहुतेक अंडं असतं. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत परतलेले बदाम सगळ्यांना चालतात. फ्लामकूखन म्हणून पातळ पिझ्झासारखा प्रकार आहे, तो मागताना डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत असं सांगा. जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, मुलांच्या हातात पाकीट देण्याआधी त्यावर व्हेगन किंवा शाकाहारी लिहिलंय का बघा.

लेबकूखन हा इथला मसाल्याचा केक, दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची असं सगळं आपल्या ओळखीचं त्यात असतं. घेताना एलिझेन लेबकूखन बघून घ्या, त्यात निदान २५ टक्के बदाम, हेझलनट, अक्रोड असावेच लागतात आणि मैदा १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. अंडं असतं, अंडं नको असेल तर दुकानात व्हेगन प्रकार मागा.

ग्ल्यूवाईन म्हणजे गरम मसालेदार वाईन, मुलांसाठी तशाच चवीचा बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो. दोन्ही चिनी मातीच्या मगात देतात आणि मगाचे डिपॉझिटचे पैसे वेगळे घेतात, मग परत दिला की पैसे परत, ठेवून घेतला तरी चालतं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवरही २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाका. खरं तर बाटली विकत घ्यायचीच गरज नाही, नळाचं पाणी प्यायचंच असतं.

आता बॅगेतलं. भारतातून युरोपियन युनियनमध्ये दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर काही नाही, बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हेही नाही. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, तांदूळ-मुगाची खिचडी होईल इतकं सामान, हे आणा आणि संध्याकाळी घरी गरम खिचडी करा, दिवसभर पाव खाऊन कंटाळलेली मुलं त्या ताटावर कशी तुटून पडतात ते बघा.

पैशांचं म्हणाल तर फॉरेक्स कार्ड बरोबर असू द्या, पण बाजारातल्या बऱ्याच स्टॉलवर रोखच लागते. नाणी जपून ठेवा, टॉयलेटला ५० सेंट ते १ युरो लागतो आणि मुलांना नेमकी बाजाराच्या मधोमध लागते, म्हणून चौकात शिरण्याआधी एकदा जाऊन या.

तिथे गेल्यावर

मुख्य बाजारात १८० च्या आसपास लाकडी स्टॉल असतात, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, सकाळी १० ते रात्री ९. सुक्या आलुबुखाऱ्यांपासून बनवलेली छोटी माणसं, स्वेट्शगनमेनले, ही इथलीच खासियत, दोन-चार आणायला हरकत नाही. पण मुलं बरोबर असतील तर पहिल्यांदा थोडं पुढे हान्स-झाक्स चौकात जा, तिथे मुलांचा वेगळा बाजार असतो, दुमजली मेरी-गो-राउंड, छोटी आगगाडी, मुलांना स्वतःच्या हाताने काहीतरी करता येईल असे स्टॉल. मुलांचं पोट आणि मन तिथे भरलं की मग मोठ्या बाजारात ती शांतपणे येतात. टाऊन हॉलजवळ न्युर्नबर्गच्या मित्र-शहरांचे स्टॉल असतात, प्राग, क्राकाव, ग्लासगो वगैरे, तिथे गर्दी जरा कमी.

दुपारी १२ ला फ्राउएनकिर्शसमोर उभे राहा. घड्याळाखालच्या कोनाड्यात सम्राट बसलेला असतो आणि सात राजपुरुष त्याच्याभोवती फेऱ्या मारतात, १३५६ च्या गोल्डन बुल या राजाज्ञेची ही आठवण, घड्याळ १५०९ चं. चौकाच्या कोपऱ्यात श्योनर ब्रुनन हा सोनेरी मनोऱ्यासारखा कारंजा आहे, त्याच्या जाळीतली कडी तीनदा फिरवून इच्छा मागायची असते, रांगेत आपल्यासारखीच कुटुंबं असतात.

किल्ल्यावर, कायझरबुर्गला, चढ आहे आणि रस्ता गोट्यांचा, आजी-आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल तर सावकाश, आणि बाबागाडीची चाकं मोठी हवीत. वर खोल विहीर आहे, जवळजवळ ५० मीटर, आत पाणी ओततात आणि ते खाली पोचेपर्यंत मुलं श्वास रोखून ऐकतात. वरून सगळं शहर दिसतं, लाल कौलं, दोन मोठ्या चर्चचे जुळे मनोरे, आणि हे सगळं जुनं दिसतं ते बरंचसं नव्याने बांधलेलं आहे. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळपास संपलं होतं. मोठ्या मुलांना नाझींवरच्या खटल्यांचं कोर्ट, रूम नंबर ६००, दाखवायला न्या, २० नोव्हेंबर १९४५ ला इथे मुख्य खटला सुरू झाला. दहाच्या आतल्यांना तिथे कंटाळा येईल, एकाने लहानांना घेऊन खेळण्यांच्या म्युझियमला जावं. रेल्वे म्युझियम मात्र सगळ्यांसाठी. जर्मनीची पहिली रेल्वे इथूनच फ्युर्थला ७ डिसेंबर १८३५ ला धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी, त्या आडलर इंजिनाची प्रतिकृती तिथे आहे. आणि जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल, आज शिल्लक असलेल्यांतला जगातला सगळ्यात जुना, १४९२ च्या सुमाराचा, त्यावर अमेरिका नाहीच, मुलांना शोधायला सांगा. बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात, २४, २५ आणि ३१ ची वेळ आदल्या दिवशी वेबसाइटवर बघूनच निघा.

शहरात फिरायला टागेसटिकेट प्लस हे दिवसभराचं तिकीट काढा, दोन मोठे आणि चार मुलं एका तिकिटावर, आणि शनिवारी काढलेलं रविवारीही चालतं.

२४ दुपारपासूनचे दिवस

हे सगळ्यात नीट वाचा. २४ ला दुपारी दोनला दुकानं बंद होतात. २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी. २०२६ मध्ये २७ ला रविवार, रविवारी जर्मनीत दुकानं बंदच असतात. म्हणजे गुरुवारी दुपारी शटर पडलं की थेट सोमवारी सकाळी उघडणार. दूध, पाव, भाजी, डायपर, सगळं २३ लाच भरून ठेवा, २४ ला सकाळी सुपरमार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुख्य स्टेशनातली काही दुकानं आणि बेकऱ्या उघड्या असतात, अडीनडीला तेवढ्याच. २४ ला संध्याकाळी रेस्टॉरंटंही बहुतेक बंद, २५-२६ च्या दुपारच्या जेवणाचं टेबल दोन आठवडे आधी फोन करून ठेवा.

२४ ची संध्याकाळ इथे घराघरात साजरी होते, रस्ते रिकामे. लोरेन्झ किंवा झेबाल्ड चर्चमधल्या प्रार्थनेला कोणीही मागे शांत बसू शकतं, ऑर्गन ऐकण्यासाठी तरी जा, आत फोटो काढू नका.

२६ ला बाम्बेर्गला जा. लोकल ट्रेनने पाऊण तास-तासभर, नदीच्या मधोमध बांधलेला टाऊन हॉल, १९९३ पासून जागतिक वारसा, आणि मुख्य म्हणजे तिथल्या चर्चेस आणि चौकांतून मांडलेले येशूजन्माचे देखावे ख्रिसमसनंतरही असतात. आपल्याकडे गणपतीत देखावे बघत फिरतो तसंच पायी फिरायचं, मुलांना फार आवडतं. यासाठी बायर्न टिकेट काढा, दिवसभर पूर्ण बव्हेरिया राज्यात चालतं, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, फक्त आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या ट्रेनमध्ये चालत नाही, आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला ही अट नाही. तिकिटावर नावं लिहायची असतात, ती आधीच लिहा.

औषधांचं शेवटी सांगतेय पण बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मुलांचं तापाचं, उलटीचं, सर्दीचं औषध, आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या परतीनंतरही चार दिवस पुरतील इतक्या, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, सगळं केबिन बॅगेत. इथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सुट्टीत फार्मसी पाळीपाळीने उघड्या असतात, जवळची उघडी कोणती ते प्रत्येक फार्मसीच्या दारावर लावलेलं असतं. जिवावरचं असेल तर ११२, तसं नाही पण डॉक्टर हवाय तर ११६११७. इन्शुरन्सचा नंबर मोबाईलबरोबरच कागदावरही लिहून ठेवा, थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते.

परत निघताना फ्रँकफर्टला चार तास आधी पोचाल अशी ट्रेन धरा. एका दुकानात ५० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली असेल आणि टॅक्स-फ्रीचा फॉर्म घेतला असेल, तर ती वस्तू मोठ्या बॅगेत टाकून देण्याआधी कस्टमच्या काउंटरवर दाखवून शिक्का घ्यायचा, बॅग आत गेली की शिक्का मिळत नाही.